पीयूसीच्या आधी पंपावरची ती नळी बघा

पत्र :

सर, माझ्याकडे 2009 ची डिझेल पिकअप आहे. टर्बोवाली, पण इंजिनला डिझेल पुरवणारा पंप जुन्या पद्धतीचा, सेन्सर-बिन्सर काही नाही. केळीच्या दिवसांत बागेतून सावद्याला माल, दिवाळीनंतर जिनिंगला कापूस, असा धंदा. पुढच्या महिन्यात पासिंग आहे. पीयूसीला नेली तर नापास. चार वेळा फुल रेस करायला लावली. मशीनवर 4.4, 4.0, 3.8, 3.8 आले, सरासरी 4.0. म्हणे 2.45 च्या आत पाहिजे. आमचा मिस्त्री म्हणतो इंजिन बांधायला काढा. पंप-नोझलवाल्याने सगळं मिळून 22,000 सांगितले. सेंटरबाहेर उभा असलेला एक जण म्हणाला, पाचशे जास्त द्या, दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरात नळी घालून तुमची स्लिप काढून देतो. मुलगा म्हणतो, 15 वर्षं उलटली, आता गाडी भंगारातच जाणार, हप्त्यावर नवी घेऊ. गाडी ऑइल खात नाही. रेस दिली की काळा धूर मारते, सकाळी थोडा पांढरा येतो तो दोन मिनिटांत जातो. दोन वर्षांपूर्वी पालच्या घाटात लोड घेऊन ओढेनाशी झाली होती, तेव्हा एकाने पंप सेट करून दिला. ओढ परत आली, पण ॲव्हरेज तेराचं साडेदहावर आलं. काय करू?
– एक पिकअपवाला, यावल तालुका

उत्तर :

भाऊ,

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीय. घाटात गाडी ओढेना, मग पंप ‘सेट’ केला. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांना शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, आणि ‘पंप सेट करून दिला’ हे शब्द ऐकले की अजूनही माझे कान टवकारतात. त्यावर येतोच. आधी एक गोष्ट मिटवून टाकू : इंजिन बांधायला काढू नका.

इंजिन बांधायची वेळ आली की गाडी निळसर धूर मारते, ऑइल पिते, डिपस्टिक दर आठवड्याला खाली जाते, आणि ऑइलचं झाकण उघडून बघितलं तर आतून भकाभका वाफ येते. तुमची गाडी ऑइल खात नाही. सकाळचा पांढरा धूर दोन मिनिटांत जातो, म्हणजे तो थंड इंजिनात नीट न जळलेल्या डिझेलचा. तो गरम झाल्यावरही राहिला असता आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असतं, तर मी काळजीत पडलो असतो. तुमच्या मिस्त्रीला मी खोटा म्हणत नाही. पण ज्याच्या हातात हातोडा त्याला सगळीकडे खिळेच दिसतात, आणि इंजिन बांधायचं काम गॅरेजला पंधरा दिवस पुरतं हेही खरं.

आता तो आकडा समजून घ्या. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा वास, रंग असलं काही बघत नाहीत. सायलेन्सरमधून घेतलेल्या धुरातून प्रकाश सोडतात आणि पलीकडे किती पोचला ते मोजतात. 2.45 हा आकडा जुन्या मापात 65 होतो. म्हणजे 43 सेंटीमीटर धुराच्या थरातून प्रकाश सोडला, तर शंभरातला पासष्ट हिस्सा वाटेतच अडला. तुमचा 4.0 म्हणजे 82 हिस्से अडले. हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत काय अंतर असतं, तेवढ्या धुरातून पलीकडची बॅटरी जेमतेम मिणमिणती दिसावी, असा धूर आहे तुमचा. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या शिव्या तुम्हाला ऐकू येत नाहीत एवढंच.

आणि 2.45 ही तुम्हाला मिळालेली सवलत आहे, हेही लक्षात ठेवा. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरासाठी सरकारने ठरवलेले टप्पे. बीएस-3 देशभर 2010 ला आलं, बीएस-4 देशभर एप्रिल 2017 ला, बीएस-6 एप्रिल 2020 ला. बीएस-4 च्या डिझेल गाडीला मर्यादा 1.62 आहे. तुमची गाडी त्याच्या आधीची, म्हणून तिला 2.45 पर्यंत चालतं. त्याच हिशोबाने बीएस-4 पासून पुढच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, तुमची सहा महिनेच. वर्षातून दोनदा हे करायचं आहे, म्हणून एकदाच्या जुगाडाने भागणार नाही.

तुम्ही चारही आकडे लिहून घेतले हे फार बरं केलंत. बहुतेक जण नुसतं ‘फेल’ एवढंच ऐकून परत येतात. 4.4, 4.0, 3.8, 3.8 मध्ये पहिला आकडा मोठा आहे तो सायलेन्सरमध्ये साचलेल्या जुन्या काजळीमुळे. दोन झटक्यांत ती उडाली. पुढे आकडा 3.8 वर थांबला, हालेना. तो खरा आकडा. तो प्रत्येक वेळी तोच येतो, याचा अर्थ प्रत्येक वेळी तेवढंच जास्तीचं डिझेल सिलेंडरमध्ये पडतंय, किंवा तेवढीच हवा कमी पडतेय. काळ्या धुराला कारणं मोजकीच असतात. हवा कमी, नाहीतर डिझेल जास्त, आणि नोझल खराब असेल तर पडलेल्या डिझेलची फवारणी वाईट.

धुळ्याला आमच्याकडे एक म्हातारे मिस्त्री वर्कशॉपला यायचे. पोरं पंपाला हात घालायला निघाली की ते म्हणायचे, “पहिले दख रे भो, गाडी हवानी भुकी शे का!” आधी हवा बघ. हे वाक्य मी पोरांना जेवढं ऐकवलं तेवढं मलाही उशिरा कळलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. नात्यातल्या एकाची गाडी काळा धूर मारायची. मी मोठ्या रुबाबात पंप काढला, पंप तपासायच्या टेस्ट बेंचवर चढवला, चार दिवस आणि त्याचे बऱ्यापैकी पैसे घालवले. पंप बसवला तरी धूर तसाच. शेवटी एअर क्लिनरचा डबा उघडला तर फिल्टरवर कापसाची गोधडी! जिनिंगच्या फेऱ्या मारून मारून सरकीला चिकटलेली ती बारीक रुई आत ओढली गेली होती आणि धुळीत मिसळून तिचा नमदा झाला होता. बोटाने उचलला तर अख्खा थर सालासारखा निघून आला. नातेवाईक काही बोलला नाही. पण त्यानंतर त्याने गाडीचं काम कधी मला सांगितलं नाही.

तुम्हीही कापूस वाहता. म्हणून पहिलं काम हे. फिल्टर काढा, आत बॅटरी धरा आणि बाहेरून बघा. उजेड सगळीकडून सारखा येतो का? टायरवर आपटून, हवा मारून फिल्टर ‘साफ’ करायची आपल्याकडे सवय आहे. बाहेरून हवा मारली की धूळ कागदाच्या आत आणखी घट्ट बसते. जोर जास्त झाला तर कागद फाटतो, आणि मग धूळ थेट टर्बोत. नवा फिल्टर बसवा. केळीच्या बागांमधल्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर मे महिन्यात गाडी चालवणाऱ्याने फिल्टरच्या बाबतीत पुस्तकातलं किलोमीटर बघायचं नसतं, निम्म्यावरच बदलायचा. डब्याकडे जाणारं नळकांडंही आतून हात घालून तपासा. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर घर करतात, आणि कापसाची गाडी म्हणजे त्यांना तयार गादीच.

मग टर्बोपासून, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्यापासून, इंजिनपर्यंत येणारी जाड रबरी होज. ही बंद गाडीत बघून उपयोग नाही. चीर असली तर ती दाब आल्यावरच उघडते. एकाला रेस द्यायला सांगा, तुम्ही होजच्या खालच्या बाजूने, क्लिपच्या कडेने हात फिरवा. पंख्याचा पट्टा सांभाळून, आणि टर्बो तापलेला असतो तेही सांभाळून. साबणाचं पाणी लावलंत तर बुडबुडे दिसतात. आणखी सोपी खूण म्हणजे होजच्या बाहेर एका जागी तेलकट काळा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. तिथूनच हवा पळतेय. शंभर-दोनशेच्या क्लिपने धूर निम्म्यावर आलेल्या गाड्या मी पाहिल्यात. ईजीआर व्हॉल्व्ह तुमच्या गाडीला असेल तर तोही काढून बघायला सांगा. काजळीने उघडाच अडकून बसला की जळलेला धूर परत इंजिनात जात राहतो, आणि ताज्या हवेची जागा तोच खातो.

आता पंपाकडे या. तुमच्या दुखण्याचं मूळ मला इथे वाटतं.

दोन वर्षांपूर्वी गाडी अचानक ओढेनाशी झाली. तेव्हा धूर होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण मी पैज लावतो, नव्हता. गाडी नुसतीच ढिली पडली होती, बरोबर? टर्बोवाल्या बऱ्याच जुन्या पंपांच्या डोक्यावर एक वाटीसारखा भाग असतो, चार स्क्रूंनी बसवलेला. त्या वाटीत रबराचा पडदा. इंजिनच्या मॅनिफोल्डवरून पेन्सिलएवढी बारीक नळी निघते आणि या वाटीला येऊन मिळते. टर्बो फिरला, हवेचा दाब वाढला, की तो दाब या नळीतून येऊन पडद्याला दाबतो, आणि तेव्हाच पंप जास्तीचं डिझेल सोडतो. हवा आली तरच डिझेल वाढवायचं, एवढंच त्या वाटीचं काम. शंभर वेळा सांगितलं तरी चालेल इतकं शहाणं काम.

ती नळी हातभर लांबीची असते, इंजिनच्या उष्णतेत वाळते आणि टोकाशी तडकते. तडकली की पंपाला वाटतं, टर्बो फिरतच नाही. तो जास्तीचं डिझेल सोडायचं बंद करतो. धूर नाही, आवाज नाही, नुसती ओढ जाते. सपाट रस्त्यावर चालकाला कळतही नाही. लोड घेऊन पालचा घाट चढायला लागलं की कळतं. मग गाडी गॅरेजला जाते. मिस्त्री घाईत असतो, ती बारीक नळी कुणी बघत नाही. पंपाच्या मागच्या बाजूला फुल लोडचा स्क्रू असतो, कंपनीने सील करून दिलेला. सील तोडायचं, लॉक नट सैल करायचा, स्क्रू आत फिरवायचा. डिझेल वाढलं, ओढ परत आली, गिऱ्हाईक खूश. फरक एवढाच, की आता हे वाढीव डिझेल हवा आली-नाही आली तरी पडतंच राहतं. पीयूसीत तर न्यूट्रलमध्ये एकदम फुल रेस देतात. टर्बोला फिरायला वेळ मिळायच्या आधी डिझेल सांडून मोकळं. तोच तुमचा काळा ढग.

तेव्हा बॉनेट उघडा आणि पंपाच्या डोक्यावर वाटी आहे का बघा. असेल तर नळी दोन्ही टोकांना काढून बोटात वाकवा. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या किंवा टोक फुगून सैल झालेलं दिसलं, तर निदान झालं म्हणा. नळी चांगली निघाली तर वाटीकडचं टोक लावून दुसरं तोंडात धरा आणि फुंका. थोडी हवा जाऊन अडली पाहिजे. फुंकतच राहिलात आणि हवा जातच राहिली, तर आतला पडदा फाटलाय. त्याचं किट मिळतं. वाटी नसलेलाच पंप असेल तर ही सगळी तपासणी सोडा आणि थेट मागच्या स्क्रूवर या. तिथे सीलची तार तुटलेली आहे का, नटावर पान्याचे ओरखडे आहेत का, हे मोबाईलच्या उजेडातही दिसतं.

एक सांगून ठेवतो, कारण इथे लोक फसतात. नुसती नळी बदलून थांबू नका. नळी नवी आणि स्क्रू तसाच आत, असं झालं तर वाढीव डिझेलवर आणखी वाढीव डिझेल पडेल. गाडी घाटात घोड्यासारखी जाईल, तुम्हाला आनंद होईल, आणि काही महिन्यांत पिस्टन नाहीतर टर्बो जाईल. नळी बदलली की स्क्रू मागे आणायलाच हवा. स्क्रू आत्ता जिथे आहे तिथे पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवा. मग एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. या स्क्रूला फार बारीक हाताने धरावं लागतं. मागे घेतला की आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, खाली येईल, गाडी बंद पडायला बघेल. घाबरू नका. मागे स्क्रू आत घालताना त्या मिस्त्रीने आयडलिंग कमी करून घेतलं असणार, ते आता पुन्हा वर घ्यायचं.

खरं तर हे काम टेस्ट बेंचवर करून घेणं चांगलं. पंप-नोझलवाल्याकडे जा, पण 22,000 चं पॅकेज नको म्हणून सांगा. त्याला विचारा : फक्त डिझेलची मात्रा बेंचवर बघून कंपनीच्या मापावर आणून सील करायचे किती? आणि चारही नोझल टेस्टरवर तुमच्यासमोर मारून दाखवायचे किती? नोझल टेस्टर म्हणजे हाताने दाबायचा पंप. नोझल त्याला लावून दाबलं की चांगल्या नोझलमधून डिझेल धुक्यासारखं फुटतं, कर्रर्र असा आवाज येतो आणि टोक कोरडं राहतं. खराब नोझल पिचकारी मारतं आणि टोकाला थेंब लोंबतो. तुम्ही मिस्त्री नसलात तरी हा फरक तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी कळेल, म्हणून समोर उभं राहा. चारातले जे पिचकारी मारतील तेवढेच बदला. बसवताना तांब्याचे वॉशर नवे घालायला सांगा. जुनेच परत घातले की कॉम्प्रेशन गळतं आणि मग पुन्हा तुम्ही मला पत्र लिहिणार.

खर्चाचा हिशोब पीयूसीपुरता करू नका. तुम्ही महिन्यात पंचवीस दिवस, दिवसाला शंभर किलोमीटर चालवता असं धरू. तेराच्या ॲव्हरेजला दिवसाचे 7.7 लिटर, साडेदहाला साडेनऊ. महिन्याला पंचेचाळीस लिटरचा फरक. नव्वदच्या घरातला भाव धरला तरी 4,000 वर जातात. दोन वर्षं तुम्ही हे पैसे सायलेन्सरमधून अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर उडवलेत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. डिझेल मापावर आलं की घाटात गाडी आजच्यापेक्षा थोडी मंद वाटेल. नळी नवी असल्याने फार नाही, पण वाटेल. त्यावर उपाय आरसी बुकात लिहिलेल्या वजनाएवढाच माल भरणे. केळीचा भाव चांगला असला की मापाबाहेर घड चढवायचा मोह होतो, मी शेतकऱ्याच्याच घरातला आहे, मला माहीत आहे. पण तोच मोह मिस्त्रीकडे जाऊन ‘जरा डिझेल वाढवून द्या’ म्हणतो.

आता परीक्षेचा दिवस. सकाळी थंड गाडी घेऊन जाऊ नका. तपासणीच्या वेळी इंजिन ऑइल निदान 60 अंशांवर असावं लागतं, नुसता पाण्याचा काटा वर येऊन भागत नाही. रिकामी गाडी घेऊन यावलहून फैजपूर-सावद्याकडे एक चक्कर मारा, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जरा दाबून चालवा. साचलेली काजळी रस्त्यातच उडेल आणि पहिला आकडा 4.4 सारखा डोळे वटारणार नाही. ही लबाडी नाही. तपासणीच्या पद्धतीतच आधी काही वेळा रेस देऊन सायलेन्सर मोकळा करायचा असतो. चाचणीत इंजिन न्यूट्रलमध्ये पूर्ण रेसपर्यंत नेतात, तेही पुन्हापुन्हा. जुन्या इंजिनाला हे सोपं नसतं. म्हणून निघताना ऑइल, पाणी, पट्टा बघून घ्या. एसी-बिसी तुमच्या गाडीत नसेलच. सेंटरवर पोचल्यावर गाडी अर्धा तास उभी ठेवून चहा पीत बसू नका, गरम आहे तोवर नंबर लावा. आरसी आणि आरसीला जोडलेला मोबाईल नंबर जवळ ठेवा, त्यावर मेसेज येतो. फीचा बोर्ड सेंटरवर लावलेला असतो, तेवढेच पैसे. नापास झाली तर नापासाची स्लिप मागून घ्या. जून 2021 पासून देशभर एकाच नमुन्याची पीयूसी आली तेव्हापासून ती स्लिप देण्याची तरतूद आहे. मिस्त्रीला दाखवायला तिचा उपयोग होतो.

रॉकेल घालून बघा असं कुणीतरी नक्की सांगेल. तुमच्या पत्रात नाही, पण सांगेल. जुन्या पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं. रॉकेल पातळ, त्याने एका दिवसाचा धूर कमी दिसला तरी पंप घासला जातो. मग ते 22,000 खरोखर द्यावे लागतील.

पाचशेवाल्याबद्दल थोडक्यात. स्लिप मिळेलही. पण रस्त्यावर धूर दिसला तर वैध पीयूसी खिशात असतानाही अधिकारी गाडी पुन्हा तपासायला लावू शकतो, नियमात तशी सोय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स जाणं लिहिलेलं आहे. तुमचं पोट लायसन्सवर आहे. शिवाय सहा महिन्यांनी तो माणूस पुन्हा पाचशे घेणार, आणि दरमहाचं पंचेचाळीस लिटर वेगळंच.

चिरंजीवांना सांगा, 15 वर्षं झाली की गाडी भंगारात हा नियम महाराष्ट्रातल्या खासगी मालकाच्या मालवाहू गाडीला नाही. डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आहे ती दिल्ली आणि आसपासच्या भागात. 15 वर्षांनंतर नोंदणी न वाढवण्याचं ठरलंय ते 2023 पासून सरकारी गाड्यांचं. दिल्लीचा नियम जळगावच्या एमएच 19 ला लावू नका. तुमच्या गाडीला, आठ वर्षं उलटल्यामुळे, दरवर्षी पासिंग करावं लागतं, आणि गाडी जुनी होत जाते तशी पासिंगची फी वाढते. पर्यावरण कर भरलेला आहे का हे पासिंगच्या आधी बघून घ्या, थकलेला असला की ऐनवेळी खोळंबा होतो. नवी गाडी कधीतरी घ्यालच, पण ती घ्यायची की नाही हे हप्ता आणि भाडं यांच्या हिशोबावर ठरवा, पीयूसीच्या रागावर नको. आणि आज विकायला काढलीत तर काळा धूर मारणाऱ्या गाडीला जो भाव येईल तो ऐकून चिरंजीवच गप्प बसतील.

पासिंगला महिना आहे, तो पुरतो. या आठवड्यात फिल्टर, होज आणि ती बारीक नळी. पुढच्या आठवड्यात पंप आणि नोझल. मग पीयूसी. चारही आकडे पुन्हा लिहून घ्या आणि मला कळवा. 2.45 च्या पुढेच राहिले तर टायमिंग आणि टॅपेटबद्दल बोलू. आणि ती जुनी नळी सापडली तर फेकू नका, वाकवून चीर दिसेल असा तिचा फोटो काढून पाठवा. पोरांना दाखवायला मला हवाय.